तिसरा कोन



ज्यांच्या वर्गात मी सदैव मागच्या बाकावर बसलो, त्यांच्या स्मरणार्थ आज सर्वांच्या पुढे उभे राहून बोलावे, असा योग शाळेने घडवून आणला. या संकोचाला कृतज्ञतेचीही जोड आहे. गुरुजींना भाषणांची फारशी आवड नव्हती. गौरवाचे शब्द सुरू झाले की ते चष्मा पुसू लागत. म्हणून त्यांच्याविषयी बोलण्याऐवजी त्यांनी आम्हांला जे शिकविले त्यातील एका लहानशा विषयावर बोलावे, असे मी ठरविले आहे. विषय शालेय पुस्तकातला आहे: त्रिकोण सोडविणे. तेवढ्यासाठी अवधपुरीच्या या सभागृहात संध्याकाळी इतकी मंडळी जमली, हे पाहून गुरुजी मिस्कीलपणे हसले असते.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल, १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला आली आणि जुन्या राजधानीतील, म्हणजे नागपुरातील, अनेक मराठी कुटुंबे सरकारी दप्तरांबरोबर इकडे आली. आमचे घर त्यांतलेच. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याबरोबर आणखी घरे आली. गुरुजी मूळचे हिंगणघाटचे. हा तपशील आज मी मुद्दाम सांगतो आहे, कारण माझ्या विषयाचा एक धागा हिंगणघाटातून निघतो आणि आपल्या या भोपाळच्या उत्तरेस, सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरांवर, सिरोंजजवळ येऊन पोहोचतो.

आधी विषयाची ओळख करून घेऊ. त्रिकोणाला तीन बाजू आणि तीन कोन, अशी सहा अंगे. त्यांपैकी तीन ठाऊक असली, आणि त्या तिनांत निदान एक बाजू असली, की उरलेली तीन शोधून काढता येतात. यालाच त्रिकोण सोडविणे म्हणतात. एक बाजू असावीच लागते, कारण तीनही कोन सांगितले तरी त्रिकोणाचा आकार कळतो, आकारमान कळत नाही. पाटीवरचा त्रिकोण आणि तीन शहरांमधला त्रिकोण यांचे कोन अगदी एकसारखे असू शकतात.

या कामासाठी मुख्यत्वे दोन नियम आहेत. पहिला ज्या-नियम, ज्याला वर्गात आपण साइनचा नियम म्हणतो: कोणत्याही बाजूला तिच्या समोरच्या कोनाच्या ज्येने भागले की येणारा भागाकार तिन्ही बाजूंसाठी सारखाच असतो. दुसरा कोज्या-नियम, म्हणजे कोसाइनचा. दोन बाजू आणि त्यांमधला कोन ठाऊक असेल, तर तिसऱ्या बाजूचा वर्ग हा त्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेतून त्यांच्या गुणाकाराची दुप्पट गुणिले त्या कोनाची कोज्या एवढे वजा करून मिळतो. कोन काटकोन झाला की कोज्या शून्य होते आणि आपल्या ओळखीचा पायथागोरस उरतो. ज्या हा आपलाच शब्द, धनुष्याच्या दोरीवरून आलेला. अरबीत आणि मग लॅटिनमध्ये जाताना त्याचे रूप व अर्थ कसे बदलत गेले आणि त्याचा साइन कसा झाला, ही कथा आपण अनेकदा ऐकली आहे. तिच्यावर आज मी वेळ घेत नाही.

ज्या-नियमाची एक खोड मात्र विद्यार्थ्यांना सांगितलीच पाहिजे, कारण परीक्षेत ती दरवर्षी कोणाला तरी फसविते. समजा, एका त्रिकोणात ४० अंशांचा एक कोन आहे, त्याच्या समोरची बाजू ६ आणि दुसरी एक बाजू ८ आहे. नियम लावला की त्या दुसऱ्या बाजूसमोरील कोनाची ज्या सुमारे ०.८५७ येते. विद्यार्थी कोष्टकात पाहतो, ५९ अंश लिहितो आणि पुढे जातो. पण १२१ अंशांची ज्याही तेवढीच! दोन्ही त्रिकोण खरे आहेत. एकाची तिसरी बाजू सुमारे ९.२ तर दुसऱ्याची ३.० आहे. लघुकोन आणि विशालकोन यांतला भेद ज्येला सांगता येत नाही. कोज्येला तो सांगता येतो, कारण विशालकोनाची कोज्या ऋण असते. गुरुजी म्हणत, ज्या ही भिडस्त साक्षीदार आहे, अर्धेच सांगते. उरलेले आपण विचारून घ्यायचे असते.

आता तलावावर जाऊ. १९६६ सालच्या हिवाळ्यात गुरुजींनी आमच्या वर्गातील नऊ मुलांना एका रविवारी बड्या तलावाच्या काठी नेले. तेथे पाण्याचा एक फाटा आत शिरलेला होता आणि पलीकडच्या काठावर एक वडाचे झाड होते. पाण्याला पाय न लावता त्या वडाचे अंतर काढा, असे त्यांनी सांगितले. साहित्य म्हणजे एक मोजपट्टी, बांबूला फडके बांधून केलेले दोन ध्वज आणि गुरुजींनी स्वतः सुताराकडून करवून घेतलेली एक पाटी. पाटीवर मोठा कोनमापक ठोकलेला, मध्यभागी खिळा आणि त्या खिळ्याभोवती फिरणारी एक पट्टी. पट्टीच्या दोन टोकांना दोन टाचण्या. डोळा लावायचा, दोन्ही टाचण्या आणि वड एका रेषेत आणायचे आणि कोन वाचायचा. अर्ध्या अंशापर्यंत वाचता येई.

आमच्या तुकडीने काठाने दोनशे मीटरांची सरळ रेषा आखली. तिच्या एका टोकाशी वडाचा कोन ८१ अंश आला, दुसऱ्या टोकाशी ८४. हे आकडे मला आजही पाठ आहेत. ते का, हे पुढे येईलच. बेरीज १६५, म्हणून वडाजवळचा कोन १५ अंश असला पाहिजे. ज्या-नियमाने दुसऱ्या टोकापासून वडापर्यंतचे अंतर आले सुमारे ७६३ मीटर. लॉगचे कोष्टक उघडून, काठावरच्या दगडावर बसून ते उत्तर काढताना जो आनंद झाला, तसा पुढे मोठमोठ्या कामांतही क्वचितच झाला. पाण्यापलीकडची वस्तू आमच्या हाती आली होती.

गुरुजींनी वही पाहिली आणि विचारले, "दुसऱ्या टोकाशी एका अंशाची चूक झाली असेल तर?" आम्ही ८४ च्या जागी ८५ धरून पुन्हा गणित केले. उत्तर आले ८१६. एका अंशाच्या चुकीने वड त्रेपन्न मीटर मागे सरकला होता! कारण उघड आहे. १५ अंशांचा कोन हा फार निमुळता. त्याची ज्या लहान, आणि लहान संख्येने भागताना तिच्यातली बारीकशी चूक उत्तरात फुगून येते. मग त्यांनी आम्हांला सुमारे सातशे मीटरांची रेषा घ्यायला लावली, म्हणजे तिन्ही कोन साठच्या आसपास आले. तेथे तीच एक अंशाची चूक उत्तरात केवळ सात-आठ मीटरांचा फरक करीत होती. सूत्र तेच, पाटी तीच, पोरेही तीच. फक्त त्रिकोण सुबक होता. पुढे तंत्रनिकेतनात सर्वेक्षण शिकविताना मी हीच गोष्ट फळ्यावर शेकडो वेळा मांडली: तीस अंशांपेक्षा निमुळता कोन शक्यतो घेऊ नये. पण ती मला प्रथम पटली ती पाण्याकाठी.

यानंतर जे घडले ते सांगायला मला आजही थोडे जड जाते. गुरुजींनी एका कोळ्याची होडी भाड्याने घेतली होती. आम्हांला वाटले, सहलीचा शेवट म्हणून नौकाविहार असेल. त्यांनी सांगितले, "पलीकडे जा आणि वडापासून तिसरा कोन मोजून आणा." आम्ही म्हणालो, "गुरुजी, तिसरा कोन आलाच आहे. एकशेऐंशीतून वजा केला." ते म्हणाले, "आला आहे. मोजलेला नाही."

आम्ही गेलो. वडाखाली पाटी ठेवली, आमच्या काठावरच्या दोन ध्वजांवर नजर लावली आणि कोन वाचला: १७ अंश. म्हणजे तिन्हींची बेरीज १८२. मी आणि माझा सोबती, दोघांनी एकमेकांकडे पाहिले. ऊन कलले होते, भूक लागली होती, होडीवाला घाई करीत होता. मी खिशातून रबर काढले आणि १७ पुसून १५ लिहिले.

संध्याकाळी गुरुजींनी तिन्ही तुकड्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीची बेरीज होती साडे-एकशे-अठ्ठ्याहत्तर, दुसरीची एकशे एक्याऐंशी, आमची नेमकी एकशेऐंशी. आम्ही शाबासकीच्या अपेक्षेने उभे होतो. त्यांनी आमचीच वही उचलली, कागद उजेडाकडे तिरपा धरला आणि अगदी शांतपणे विचारले, "मूळ आकडा काय होता?" मी खाली मान घातली. ते रागावले नाहीत. "पुढच्या रविवारी पुन्हा येऊ," एवढेच म्हणाले. होडीचे भाडे ते स्वतःच्या पगारातून देत, हे आम्हांला ठाऊक होते.

मधल्या सोमवारी वर्गात त्यांनी नेहमीचा धडा बाजूला ठेवला आणि आपल्या गावची एक गोष्ट सांगितली. हिंगणघाटात विल्यम लॅम्बटन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. गुरुजींनी ती लहानपणापासून पाहिली होती. तेथे कोण पुरले आहे, हे मात्र शिक्षक झाल्यावरच त्यांना कळले. आज ती गोष्ट मी माझ्या वाचनाची भर घालून सांगतो.

लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात एक आधाररेषा मोजली. १० एप्रिलला काम सुरू झाले आणि मेअखेरीस संपले. सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा, शंभर फुटी पोलादी साखळीने, उन्हाने साखळी लांबते म्हणून तापमापक ठेवून, तंबूंची सावली धरून. एवढे केल्यानंतर लांबी मोजण्याचे काम जवळजवळ संपले. पुढे मोजायचे ते कोन. त्या रेषेच्या दोन टोकांवरून दूरचा एखादा डोंगर पाहावा, कोन मोजावेत, त्रिकोण सोडवावा; मिळालेली नवी बाजू हीच पुढल्या त्रिकोणाची आधाररेषा. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत जाणे म्हणजे त्रिकोणीकरण. एक ज्या-नियम, पुन्हा पुन्हा लावलेला. दक्षिणोत्तर जाणाऱ्या त्या त्रिकोणांच्या माळेचा मुख्य कणा साधारण ७८ अंश रेखांशाच्या आसपास उभा राहिला. १८१८ साली या कामाला भारताचे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण असे नाव मिळाले.

कोन मोजण्याचे यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्धा टन वजनाचे होते. त्याचे आडवे वर्तुळ ३६ इंच व्यासाचे. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर ते चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले, वर्तुळ वाकले. लॅम्बटन तंबूत बसून कित्येक आठवडे ते ओढून, ठोकून पुन्हा गोल करीत राहिला. हे काम साम्राज्याच्या सोयीसाठी होते, सैन्य आणि सारा यांच्यासाठी होते, यात शंका नाही. डोंगरमाथ्यावर यंत्र नेणारे, झेंडे धरणारे, रानात तापाने मेलेले जे असंख्य हिंदी लोक, त्यांची नावे बहुतेक नोंदलीच गेली नाहीत. अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्यासारख्या एखाद्या यंत्रकाराचे आणि राधानाथ शिकदार यांच्यासारख्या एखाद्या गणितीचे नाव तेवढे टिकले. हा हिशेब अपुरा राहिला आहे.

या सर्वेक्षणात प्रत्येक मुख्य त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजले जात. दोन पुरतात, तरी तीन. त्यासाठी अर्धा टन यंत्र घेऊन तिसऱ्या डोंगरावर चढावे लागे, वाट तोडावी लागे, धुके हटण्याची वाट पाहत आठवडे काढावे लागत. ५० किलोमीटरांवरच्या खुणेचा कोन एका सेकंदाने, म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागाने, चुकला तर खूण सुमारे २४ सेंटिमीटरांनी हलते. तिसरा कोन मोजल्याशिवाय ती चूक कळायची कशी?

तिन्हींची बेरीज तरी नेमकी १८० यावी काय? येथे विद्यार्थ्यांना नवल वाटेल. ती १८० येऊच नये! पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पाठीवरील त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा किंचित अधिक असते. प्रत्येक बाजू ५० किलोमीटर असलेल्या त्रिकोणात हे आधिक्य साडेपाच सेकंदांच्या जवळपास येते. फ्रेंच गणिती लजांद्र याने १७८७ साली एक सुरेख युक्ती दाखविली: हे आधिक्य तिन्ही कोनांतून सारखे वजा करा आणि मग तो त्रिकोण सपाट समजून साध्या ज्या-नियमाने सोडवा. अचूकतेला बाध येत नाही. म्हणजे ज्या वहीत बेरीज नेमकी १८० अंश दिसेल, तिच्याकडे सर्वेक्षक संशयानेच पाहणार. आमच्या वहीकडे गुरुजींनी पाहिले तसेच.

जाता जाता एक गोष्ट. कोज्या-नियम जुन्या गणकांना आवडत नसे. लॉगच्या कोष्टकाने गुणाकार-भागाकार सोपे होतात, पण वर्गांची बेरीज-वजाबाकी मध्ये आली की कोष्टक अडते. म्हणून आमच्या पुस्तकांत अर्धकोनांची सूत्रे पानेच्या पाने असत आणि आम्ही ती घोकत असू. गणकयंत्र आले आणि ती सूत्रे पुस्तकांतून बहुतेक नाहीशी झाली. त्यांच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण ती कशासाठी होती, हे शिक्षकांना ठाऊक असावे.

लॅम्बटन बीदरपर्यंत आला. तेथे १८१५ साली त्याने आणखी एक आधाररेषा मोजली. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलविताना वाटेत हिंगणघाटला, २० जानेवारी १८२३ रोजी, सत्तरीच्या सुमारास तो वारला. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. एव्हरेस्ट स्वतः तापाने इतका जर्जर झाला होता की एलिचपूरजवळच्या टाकरखेडा येथे वेध घेताना दोन माणसांनी धरून त्याला आसनावर बसवावे लागे. तशाच स्थितीत त्याने सातपुडा ओलांडून त्रिकोण उत्तरेस नेले आणि १८२४-२५ च्या हिवाळ्यात सिरोंजला आधाररेषा मोजली. मग तो इंग्लंडला गेला आणि १८३० मध्ये नवी उपकरणे घेऊन परतला. साखळीऐवजी आता पितळ आणि लोखंड यांच्या जोडपट्ट्या होत्या, ज्यांची लांबी उष्णतेने बदलू नये अशी योजना होती. त्यांनी सिरोंजची रेषा १८३७-३८ मध्ये पुन्हा मोजली गेली. आपण मोजलेली रेषा आपणच पुन्हा मोजायची! हे सिरोंज त्या काळी टोंक संस्थानात होते. पुढे राजस्थानात गेले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीच मध्यप्रदेशात आले. आमचे कुटुंब आणि सिरोंज यांचा या राज्यात प्रवेश एकाच दिवशीचा, असे मी गमतीने म्हणतो.

नंतर बीदरची रेषाही नव्या पट्ट्यांनी मोजण्यात आली. सिरोंजहून सव्वाचारशे मैल त्रिकोणामागून त्रिकोण सोडवीत बीदरच्या रेषेची जी लांबी गणिताने येत होती, ती आणि प्रत्यक्ष जमिनीवर मोजलेली लांबी यांत सुमारे चार इंचांचा फरक निघाला. रेषा होती जवळजवळ आठ मैलांची. हा आकडा गुरुजींनी फळ्यावर लिहिला आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांच्या दृष्टीने याहूनही मोलाचा आकडा पुढचा होता. सिरोंजजवळच्या कल्याणपूर येथील टेकडीवर सर्वेक्षणाचे प्रमुख वेधस्थान होते. पुढे भारताच्या साऱ्या नकाशांचे आरंभस्थान म्हणून तेच धरले गेले. तेथून उत्तरेस, मुझफ्फरनगरजवळ, कलियाना नावाचे दुसरे स्थान. या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतला फरक दोन रीतींनी काढला गेला: एकदा त्रिकोणांवरून, एकदा ताऱ्यांच्या वेधांवरून. सुमारे सहाशे किलोमीटरांच्या अंतरात दोन उत्तरांत ५.२३६ सेकंदांची तफावत निघाली. जमिनीवर म्हटले तर सुमारे १६० मीटर. जेथे आठ मैलांत चार इंच चुकत होते, तेथे हे फार झाले. एव्हरेस्टने तो दोष मोजणीतल्या शिल्लक चुकांकडे लावला. पण १८४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आकडे मात्र जसेच्या तसे दिले.

ते आकडे कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांच्या वाचनात आले. धर्मोपदेशक असूनही ते उत्तम गणिती होते. त्यांनी विचार केला, ताऱ्यांचा वेध घेताना वर-खाली कोणते हे ओळंब्यावरून ठरते. कलियानाच्या उत्तरेस हिमालय आहे. त्या प्रचंड राशीने ओळंब्याचे वजन आपल्याकडे ओढले, तर डोक्यावरचा बिंदू दक्षिणेस सरकेल आणि अक्षांश कमी दिसेल. तफावत नेमकी त्याच दिशेची होती. त्यांनी हिमालयाच्या ओढीचा हिशेब मांडला. तो आला १५.८८५ सेकंद. म्हणजे पर्वताने ओढायला हवे होते त्याच्या तिसऱ्या हिश्शानेच तो ओढीत होता. जणू तो आतून पोकळ असावा!

लंडनमध्ये जॉर्ज एअरी याने त्याच वर्षी, १८५५ साली, खुलासा सुचविला. पर्वत पोकळ नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्याचा मोठा भाग जसा पाण्याखाली असतो, तशी पर्वताची मुळे खाली जड थरात खोल बुडालेली आहेत. ती भोवतालच्या थरापेक्षा हलकी असल्यामुळे पर्वताची एकूण ओढ कमी पडते. प्रॅट यांनी पुढे वेगळे स्पष्टीकरण दिले. दोघांच्या वादातून भूविज्ञानातील समस्थायित्वाची कल्पना उभी राहिली आणि ती आजही टिकून आहे. हिमालयाच्या पोटात काय आहे याची पहिली बातमी कोणी खोदून आणली नाही. ती कल्याणपूर आणि कलियाना यांमधल्या, कोणीही न पुसलेल्या, सव्वापाच सेकंदांत होती.

गुरुजींनी हे सांगताना माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. तेच मला अधिक लागले.

आज त्रिकोणीकरणाचे युग सरले आहे. दोन डोंगरांमधील अंतर प्रकाशलहरींनी थेट मोजता येऊ लागले, तेव्हा कोनांऐवजी बाजू मोजून त्रिकोण सोडविणे सोपे झाले आणि ज्या-नियमाच्या जागी कोज्या-नियम आला. आता तर आपल्या खिशातला फोन उपग्रहांपासूनची अंतरे काढून आपले स्थान सांगतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार सर्वसामान्यांसाठीचे नवे नकाशे जागतिक प्रमाणावर निघू लागले आणि कल्याणपूरचे आरंभस्थान त्यांच्यापुरते मागे पडले. तरीही एक गंमत आहे. स्थान ठरविण्यासाठी गणिताला चार उपग्रह पुरतात. चांगला ग्राहक मात्र आठ-दहा उपग्रह पकडतो आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी पडताळून पाहतो. होडी घेऊन पलीकडे जाणे अजून संपलेले नाही.

दुसऱ्या रविवारचे सांगायचे राहिले. आम्ही पुन्हा त्याच जागी ध्वज लावले, पुन्हा होडीतून वडाखाली गेलो. या वेळी गुरुजी सोबत होते. मी टाचण्यांतून पाहिले आणि थबकलो. आमच्या दुसऱ्या ध्वजाच्या जरासे बाजूला, वीसेक मीटरांवर, कोळ्यांनी जाळी वाळत घालण्यासाठी रोवलेला एक बांबू होता. त्यावर एक चिंधीही लोंबत होती. गुरुजी म्हणाले, "दोन्हींचा कोन वाच." ध्वजाचा आला साडेपंधरा, बांबूचा सतरा. मागच्या रविवारी आम्ही बांबूलाच ध्वज समजलो होतो. १७ हा आकडा चुकीचा नव्हताच. तो एका खऱ्या वस्तूचा खरा कोन होता. तो वहीत राहिला असता तर दोन अंशांच्या आधिक्यावरून, बसल्या जागी गणित करून, आम्हीच ओळखले असते की त्या टोकापासून पंचवीसेक मीटरांवर काहीतरी उभे आहे.

वहीत या वेळची बेरीज साडे-एकशे-ऐंशी आली. पाटी अर्ध्या अंशापेक्षा बारीक वाचता येत नव्हती, तेव्हा तो अर्धा अंश तसाच राहू दिला. गुरुजींनी त्याखाली लाल शाईने सही केली. ती वही पुढे घर बदलताना हरवली.

मुख्याध्यापिका बाईंना एक विनंती करून थांबतो. थंडी सुरू झाली की एखाद्या रविवारी मुलांना तलावावर न्यावे. तशी पाटी मी सुताराकडून करवून घेतली आहे. खिळा नीट मध्यभागी बसला आहे ना, ते तीनदा तपासले आहे. मोजपट्टी धरायला मी येईन. गुडघे दुखतात, म्हणून होडीत मात्र मुलांनीच जावे. वल्ह्याची होडी करू, आणि भाडे माझ्याकडे लागू.